ॲलर्जी : वावड्यामागचे गणित

एप्रिल उजाडला की नेदरलँड्समध्ये ट्यूलिपचे मळे फुलतात आणि आपल्यापैकी बऱ्याच घरांत शिंकांना सुरुवात होते. दोष मात्र ट्यूलिपचा नसतो. ट्यूलिपचे पराग जड आणि चिकट असतात. ते कीटकांच्या अंगाला चिकटून प्रवास करतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. खरे कारण असते ते त्याच सुमारास फुलणारे बर्चचे झाड, ज्याला इथले लोक 'बेर्क' म्हणतात. बर्च संपते न संपते तोच मे महिन्यात गवत फुलू लागते. दुधादुभत्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या देशात गवताला तोटा नाही, त्यामुळे जुलैपर्यंत नाक-डोळ्यांना उसंत मिळत नाही.

शिंका, अंगावरचा इसब, दमा, आणि अलीकडे लहान मुलांची शेंगदाण्याची ॲलर्जी हे विषय आपल्या लोकांच्या गप्पांत वरचेवर निघतात. त्यात तीन प्रश्न हमखास असतात. पहिला : "इथे येऊन चार वर्षे झाली, इतके दिवस काही नव्हते, मग आत्ताच का?" दुसरा : "आम्हा दोघांनाही कसली ॲलर्जी नाही, मग मुलीला कशी?" आणि तिसरा, जो बहुधा भारतातून आलेल्या आजी-आजोबांकडून येतो : "आमच्या वेळी असले काही नव्हते. तुम्ही मुलांना फार जपता, म्हणून होते का हे?"

या तिन्ही प्रश्नांना आज बऱ्यापैकी समाधानकारक उत्तरे देता येतात. प्रस्तुत लेखकाची डॉक्टरेट अभियांत्रिकीतली आहे, वैद्यकातली नव्हे. त्यामुळे हा लेख औषधोपचाराचा सल्ला नाही. ॲलर्जी होण्याची शक्यता कशाने वाढते आणि कशाने घटते, एवढाच हिशेब येथे मांडायचा आहे.

वावडे वेगळे, ॲलर्जी वेगळी

मराठीत आपण कुठल्याही न मानवणाऱ्या पदार्थाला 'वावडे' म्हणतो. परंतु प्रत्येक वावडे म्हणजे ॲलर्जी नव्हे. अळूची भाजी नीट शिजली नाही, चिंच घालायची राहिली, तर घसा खाजतो. तो सगळ्यांचाच खाजतो, कारण अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि ते टोचतात. दूध प्यायल्यावर पोट फुगते ते पुष्कळदा दुधातली साखर पचवणारे विकर मोठेपणी कमी झाल्यामुळे. या दोन्ही गोष्टींत शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा काही संबंध नाही.

ॲलर्जीत तो असतो. 'ॲलर्जी' हा शब्द 1906 साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी बनवला. एकाच पदार्थाला शरीर दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा वेगळा प्रतिसाद देते, हे त्यांना त्या शब्दातून सांगायचे होते. या बदललेल्या प्रतिसादामागचा प्रतिपिंड सापडायला पुढे साठ वर्षे लागली. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी 1966-67 च्या सुमारास तो स्वतंत्रपणे शोधून काढला. आज त्याला आयजीई म्हणतात.

त्याचे काम थोडक्यात असे चालते. पराग किंवा दाण्यातले एखादे प्रथिन शरीराच्या प्रथम संपर्कात येते, तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. मात्र काही व्यक्तींचे शरीर त्या निरुपद्रवी प्रथिनाची नोंद 'शत्रू' म्हणून करते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करते. हे प्रतिपिंड त्वचा, नाक, फुप्फुसे आणि आतडी यांतल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. यालाच संवेदीकरण म्हणतात. पुढे तेच प्रथिन पुन्हा आले की या पेशी हिस्टामिन आणि इतर द्रव्ये सोडतात. मग शिंका, गांधी, धाप, आणि क्वचित प्रसंगी रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते. इथल्या घरात आपण जिरे-मोहरीची फोडणी दिली की छतावरचा धूरसूचक बोंबलू लागतो, तसाच हा प्रकार. यंत्र बिघडलेले नसते. धोका नसताना ते धोक्याचा इशारा देते, इतकेच.

संवेदीकरण झाले म्हणजे ॲलर्जी झालीच, असेही नाही. कर्नाटकात युरोपीय सहकार्याने झालेल्या एका पाहणीत सुमारे एक चतुर्थांश प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले. पण प्रत्यक्ष अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास लोकांत दिसली. म्हणून सुटीत पुण्या-मुंबईला गेल्यावर रक्ताची भलीमोठी तपासणी करून घ्यायची आणि तिच्या यादीबरहुकूम मुलांचे दहा पदार्थ बंद करायचे, ही पद्धत चुकीची आहे. तपासणीचा आकडा आणि प्रत्यक्ष त्रास यांची सांगड डॉक्टरांनी घालायची असते.

घराण्याचा वाटा

आता दुसरा प्रश्न आधी घेऊ. ॲलर्जी आनुवंशिक आहे का? आहे, पण आपल्याला वाटते तशी नाही. आईवडिलांपैकी एकाला दमा, इसब किंवा परागांची ॲलर्जी असेल तर मुलाची शक्यता वाढते. दोघांना असेल तर आणखी वाढते. परंतु वारसा मिळतो तो प्रवृत्तीचा, विशिष्ट ॲलर्जीचा नव्हे. वडिलांना धुळीचा दमा आणि मुलीला अंड्याची ॲलर्जी, असे सहज घडते.

अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या जुळ्या भावंडांकडे पाहिले गेले. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ती असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण सुमारे 64 टक्के होते. भिन्न जुळ्यांत केवळ 7 टक्के. याचा अर्थ दुहेरी आहे. जनुकांचा वाटा मोठा आहे. आणि जनुके शंभर टक्के सारखी असूनही तीनातल्या एका जोडीत दुसऱ्या भावंडाला काहीच झालेले नाही. जनुकांनी दार किलकिले केले, पण आत कोण आले ते दुसऱ्याच कशाने तरी ठरवले.

या जनुकांतले एक विशेष महत्त्वाचे आहे. त्वचेच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचे प्रथिन असते. भिंतीच्या गिलाव्यासारखे ते त्वचा घट्ट आणि ओलसर ठेवते. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की ज्यांच्यात या प्रथिनाचे जनुक सदोष असते त्यांना इसब होण्याचा धोका बराच वाढतो. हे जनुक त्वचेचे असूनही अशा मुलांत पुढे दमा आणि अन्नाची ॲलर्जी जास्त आढळते. असे का, ते पुढे येईल.

तेव्हा दोन्ही पालक निरोगी असताना मुलीला ॲलर्जी झाली, यात आश्चर्य नाही. ती प्रवृत्ती तुमच्याही शरीरात असू शकते. तुम्ही ज्या परिस्थितीत लहानाचे मोठे झालात तिच्यात ती प्रकट झाली नाही, एवढेच.

जागेचा वाटा

ॲलर्जी कशाची होणार हे पुष्कळ अंशी आपण कुठे राहतो यावर ठरते. नेदरलँड्सने या बाबतीत जगाला एक मोठा शोध दिला आहे. घरातल्या धुळीने दमा होतो हे पूर्वीपासून ठाऊक होते. लायडनचे प्राध्यापक स्टॉर्म फान लेवेन यांनी 1920 च्या दशकात रुग्णांसाठी स्वच्छ हवेची खास खोली तयार केली होती आणि तीत राहिल्यावर अनेकांचा दमा थांबत असे. पण धुळीत नेमके काय असते? त्याचे उत्तर लायडनलाच 1960 च्या दशकात मिळाले. रेइंडर्ट फोरहोर्स्ट, फ्रिट्स स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खरे कारण म्हणजे धुळीत राहणारा, साध्या डोळ्यांना न दिसणारा एक आठपायी जीव, धूळकिडा. आपल्या गाद्या-उशांत तो आपल्याच त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतो. त्याला पाणी प्यावे लागत नाही; हवेतला दमटपणा तो शोषून घेतो. त्यामुळे कोरड्या हवेत तो मरतो आणि दमट घरात फोफावतो. समुद्रसपाटीखालच्या या देशात, बंद खिडक्या आणि गालिचे असलेल्या घरांत त्याची चंगळ होते. आपल्या कोकणात आणि मुंबईतही तो भरपूर आहे, हे सांगायला नकोच.

परागांचे तसेच. लायडनच्या विद्यापीठ रुग्णालयात 1969 पासून हवेतले पराग मोजले जात आहेत. वर्षाच्या सुरुवातीला हेझल आणि आल्डर, एप्रिलमध्ये बर्च, मे ते जुलै गवत, असे इथले पंचांग आहे. बर्चचे एक वैशिष्ट्य असे की त्याच्या परागातल्या एका प्रथिनासारखीच प्रथिने सफरचंद, चेरी, हेझलनट आणि कच्च्या गाजरात असतात. म्हणून बर्चची ॲलर्जी असलेल्यांना कच्चे सफरचंद खाल्ल्यावर ओठ आणि टाळू खाजते. तेच सफरचंद शिजवले तर बहुतेकांना काही होत नाही, कारण ते प्रथिन उष्णतेने मोडते. वाखेनिंगेन येथे विकसित झालेली 'सांताना' जातीची सफरचंदे अशा लोकांपैकी अनेकांना सोसतात.

आता पहिला प्रश्न सुटतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाची बर्चशी गाठ पडलेली नसते. इथे आल्यावर पहिल्या एक-दोन वसंतांत शरीर फक्त नोंदी करत असते. लक्षणे दिसतात ती संवेदीकरण पुरते झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या, चौथ्या किंवा आणखी पुढच्या वर्षी. एप्रिलमध्ये भेटीला आलेल्या आईवडिलांना काही होत नाही आणि चार वर्षे राहिलेल्या मुलाला होते, याचे कारण हेच.

हे एकट्या युरोपातच घडते असेही नाही. आपल्या पुण्याचेच उदाहरण पाहा. अमेरिका खंडातले पार्थेनियम, म्हणजे आपले गाजरगवत किंवा काँग्रेस गवत, 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने आणि हवेतल्या त्याच्या कणांनी शेतकऱ्यांना, बागकाम करणाऱ्यांना त्वचेचे हट्टी विकार जडले. हा विकार आयजीईच्या वाटेने नव्हे, तर पांढऱ्या पेशींच्या दुसऱ्या वाटेने होतो. पण धडा एकच. तिथे माणूस जागेवरच होता, वनस्पती परदेशातून आली. आपल्या बाबतीत वनस्पती जागेवर आहे, माणूस परदेशातून आला. गाठ नवी आहे, हे दोन्हीकडे समान.

लहानपणाचा वाटा

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि आजी-आजोबांच्या म्हणण्यात तथ्य किती ते इथेच तपासायला हवे.

1989 साली लंडनचे डेव्हिड स्ट्रॅकन यांनी 1958 मध्ये जन्मलेल्या 17,414 ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासल्या. घरात मोठी भावंडे जितकी जास्त, तितका परागज्वर कमी, असे त्यांना दिसले. मोठी भावंडे शाळेतून सर्दी-खोकला घरी आणतात, त्यामुळे धाकट्याची प्रतिकारयंत्रणा लवकर शहाणी होते, असा तर्क त्यांनी मांडला. त्याला पुढे 'स्वच्छतेचा सिद्धांत' असे नाव पडले.

त्याच वर्षी बर्लिनची भिंत कोसळली. म्युनिकच्या डॉक्टर एरिका फॉन मुटिउस यांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतल्या मुलांची तुलना केली. पूर्वेकडची हवा कोळशाच्या धुराने भरलेली, म्हणून तिथे ॲलर्जी जास्त असेल अशी अपेक्षा होती. निघाले उलटेच. पश्चिमेत 8.6 टक्के मुलांना परागज्वर होता, पूर्वेत 2.7 टक्के. वंश एक, भाषा एक. चाळीस वर्षांच्या वेगळ्या राहणीने हा फरक पाडला होता.

1990 च्या दशकात 'आयझॅक' नावाची जागतिक पाहणी झाली. तिच्या पहिल्या फेरीत 56 देशांतल्या 155 केंद्रांवर 13-14 वर्षांच्या साडेचार लाखांहून अधिक मुलांना एकच प्रश्नावली दिली गेली. आपल्याकडची मुंबई, बोरिवली, पुणे आणि अकोला ही केंद्रे तिच्यात होती. दम्याची लक्षणे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे सर्वाधिक, तर भारत सर्वांत कमी असलेल्या देशांच्या गटात होता.

मग परदेशी गेलेल्यांचे काय? अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेबाहेर जन्मलेल्या मुलांत ॲलर्जीचे विकार 20 टक्क्यांच्या आसपास, तर तिथेच जन्मलेल्यांत 34 टक्क्यांच्या आसपास आढळले. बाहेर जन्मलेल्यांचेही प्रमाण दहा वर्षांहून अधिक वास्तव्यानंतर वाढत गेले. मेलबर्नमध्ये तर पूर्व आशियातून आलेल्या पालकांच्या, पण ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी मूळ ऑस्ट्रेलियन पालकांच्या मुलांपेक्षाही जास्त निघाली. आणि गंमत म्हणजे त्या पालकांना स्वतःला ॲलर्जी कमीच होती. हे अभ्यास मराठी कुटुंबांचे नाहीत, तरी 'आम्हाला नाही, मग मुलीला कशी' या प्रश्नाशी त्यांचे नाते उघड आहे. पालकांची जनुके तीच राहिली. मुलांचे पहिले वर्ष मात्र दुसऱ्याच जगात गेले.

त्या पहिल्या वर्षात नेमके काय असते? अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांची तुलना येथे उद्बोधक आहे. दोघांचे मूळ मध्य युरोपातले, दोघांचा आहार, राहणी बरीचशी सारखी. पण आमिश लोक अजून घोड्यांनी शेती करतात आणि त्यांचे गोठे घराला लागून असतात. हटराइटांची शेती यांत्रिक आणि गोठे लांब. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दमा 5 टक्के, तर हटराइट मुलांत 21 टक्के होता. आमिश घरांच्या धुळीत जंतूंचे अवशेष कितीतरी जास्त होते. ते फुप्फुसाच्या अस्तराला थोडे थोडे डिवचत राहतात आणि त्यामुळे अस्तर क्षुल्लक गोष्टींनी भडकत नाही. शेजारच्या बेल्जियममध्ये गेंटच्या शास्त्रज्ञांनी 2015 साली गोठ्यातल्या धुळीचा हा परिणाम उंदरांत दाखवून दिला आणि त्यात ए-20 नावाचे प्रथिन ब्रेकचे काम करते हेही शोधले.

लायडनच्या मारिया याझदानबाख्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या गॅबन देशात शाळकरी मुलांचा अभ्यास केला. 2000 साली त्यांनी दाखवले की रक्तात विशिष्ट परजीवी कृमी असलेल्या मुलांची त्वचा धूळकिड्याच्या चाचणीला कमी प्रतिसाद देते. कृमींवर उपचार केल्यावर तो प्रतिसाद वाढला. आयजीई मुळात अशा कृमींशी लढण्यासाठीच विकसित झाले असावे असे मानतात. आणि दीर्घकाळ मुक्काम करणारे कृमी टिकून राहण्यासाठी यजमानाची यंत्रणा थंड करतात.

आतड्यातल्या जंतूंचाही वाटा आहे. मास्ट्रिख्त परिसरातल्या 'कोआला' या अभ्यासात असे आढळले की नैसर्गिक प्रसूतीने घरी जन्मलेल्या आणि केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यात हितकर जंतूंचे प्रमाण अधिक असते. सिझेरियन आणि प्रतिजैविके यांनी हे चित्र बदलते.

मग आजीचे बरोबर का? अर्धे बरोबर. फरक पडतो तो 'घाणी'ने नव्हे, तर माती, जनावरे, भावंडे आणि अंगावरचे दूध यांच्याबरोबर येणाऱ्या निरुपद्रवी जंतूंच्या वैविध्याने. हात न धुणे, अशुद्ध पाणी पिणे किंवा लस टाळणे यांतून हे वैविध्य मिळत नाही. मिळतात ते अतिसार, कावीळ आणि गोवर. लसींमुळे ॲलर्जी वाढत नाही. गोठ्यातले न तापवलेले दूध पिणाऱ्या मुलांत ॲलर्जी कमी दिसते हे खरे. परंतु त्याच दुधातून जीवघेणे जंतू येऊ शकतात, म्हणून कुणीही डॉक्टर ते द्यायला सांगत नाही. 'आमच्या वेळी' ॲलर्जी कमी होती हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्या वेळी अनेक घरांत एखादे तरी मूल पाच वर्षांचे होण्याआधी दगावत असे. तो सौदा आपल्याला परत नको आहे.

दोन दरवाजे : तोंड आणि त्वचा

अन्नाच्या ॲलर्जीबाबत गेल्या वीस वर्षांत वैद्यकाने स्वतःचेच मत उलटे फिरवले आहे, आणि ही माहिती प्रत्येक तरुण पालकापर्यंत पोचायला हवी. 2000 साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. 2008 मध्ये पुराव्याअभावी तो सल्ला मागे घेतला गेला.

त्याच वर्षी लंडनचे गिडियन लॅक आणि सहकारी यांनी ब्रिटन आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. वंश सारखा, पण ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी दहापट. इस्राएलमध्ये बाळांना दात येण्याच्या वयातच 'बांबा' नावाचा दाण्याचा कुरकुरीत खाऊ देतात. ब्रिटनमध्ये तेव्हा दाणे टाळत असत. यावरून लॅक यांनी 640 बाळांवर रीतसर प्रयोग केला. ही सर्व बाळे तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे अधिक धोक्याची. निम्म्यांना नियमित दाणे दिले, निम्म्यांना वर्ज्य केले. सुरुवातीला दाण्याची त्वचाचाचणी नकारार्थी असलेल्या बाळांपैकी पाचव्या वर्षी, दाणे टाळलेल्यांत 13.7 टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाल्लेल्यांत 1.9 टक्क्यांना. 2015 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि 2024 मध्ये दिसले की हे संरक्षण किशोरवयापर्यंत टिकते.

याचे स्पष्टीकरण दोन दरवाजांत आहे. तोंडावाटे, आतड्यातून आलेल्या प्रथिनाला शरीर 'अन्न' म्हणून स्वीकारायला शिकते. तेच प्रथिन फुटलेल्या, इसब झालेल्या त्वचेतून आत शिरले तर त्याची नोंद 'घुसखोर' अशी होते. घरातले सगळे दाणे खातात, धुळीत आणि हातांवर त्याचे कण असतात, आणि बाळाला मात्र ते तोंडाने मिळत नाहीत : ही सर्वांत वाईट परिस्थिती. फिलाग्रिनच्या सदोष जनुकाचा अन्नाच्या ॲलर्जीशी संबंध का, ते आता ध्यानात येईल. फुटलेल्या त्वचेवर शेंगदाण्याचे किंवा बदामाचे तेल चोळू नये, हेही यातून सरळ निघते.

आपल्या स्वयंपाकात दाण्याचे कूट कुठे नसते? खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, लाडू. आणि सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण करण्याची आपली रीतही आहे. तेव्हा आपल्या घरांत हे साधणे अवघड नाही. इथल्या शिशुआरोग्य केंद्राचा, म्हणजे कन्सुल्टाटिबुरोचा सल्लाही आज असाच आहे : शेंगदाणा आणि नीट शिजवलेले अंडे बाळाला आठ महिन्यांच्या आत सुरू करावे आणि नंतर नियमित देत राहावे. मात्र मऊ लापशीत मिसळलेले 'पिंडाकास', म्हणजे दाण्याचे लोणी, किंवा अगदी बारीक कूटच द्यावे. अख्खा दाणा घशात अडकतो, तो लहान मुलाला कधीही देऊ नये. बाळाला तीव्र इसब असेल किंवा कशाची तरी प्रतिक्रिया आधी आली असेल तर केंद्रात किंवा घरच्या डॉक्टरांना, हाउसआर्ट्सना, लवकरात लवकर विचारून सुरुवात करावी.

मग काय करावे?

उपाय सांगताना निष्फळ ठरलेलेही सांगायला हवेत. नेदरलँड्समध्ये 1996-97 साली जन्मलेल्या सुमारे 4,000 मुलांचा 'पियामा' हा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काही घरांत गाद्यांना धूळकिडा न शिरणारी आवरणे दिली होती. गाद्यांतली धूळकिड्याची प्रथिने घटली, पण आठव्या वर्षी दम्यात फरक दिसला नाही. जन्मापासून रोज मलम चोळून इसब टाळता येईल ही आशाही 2020 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रयोगात फोल ठरली. गरोदरपणी आईने दाणे, दूध वर्ज्य केल्यानेही बाळाचे रक्षण होत नाही.

याउलट 'पियामा'तूनच दिसले की वाहनांचा धूर जास्त असलेल्या भागातल्या मुलांत दमा जास्त होतो. पूर्व जर्मनीच्या उदाहरणाने येथे गोंधळू नये. कोळशाच्या धुराने तिथे परागज्वर वाढला नाही. पण म्हणून धूर फुप्फुसांना निरुपद्रवी ठरत नाही, आणि वाहनांचा धूर हा त्याहून वेगळा प्रकार आहे. गरोदरपणी आणि बाळाजवळ धूम्रपान हे तर निर्विवाद हानिकारक. दमट, बुरशी आलेल्या घरातही दमा वाढतो. म्हणून हिवाळ्यात कपडे खोलीत वाळत घालताना खिडकी उघडी ठेवावी आणि बाथरूममधला बुरशीचा डाग रंगाखाली झाकू नये.

थोडक्यात, आपल्या हातात असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत : धूर टाळणे, घर कोरडे आणि हवेशीर ठेवणे, शक्य असेल तर अंगावर पाजणे, प्रतिजैविके खरी गरज असेल तेव्हाच घेणे, इसबावर वेळेवर उपचार करणे, अन्न वेळेवर आणि विविध प्रकारचे सुरू करणे, आणि मुलांना अंगणात, शेतात, जनावरांजवळ मनसोक्त खेळू देणे. यांतल्या दाण्याच्या उपायाचा पुरावा भक्कम आहे, बाकीच्यांचा कमी-अधिक.

आणि हे सगळे करूनही ॲलर्जी होऊ शकते. धोका म्हणजे नशीब नव्हे आणि दोषारोपही नव्हे. ती एक शक्यता असते. शंभर कुटुंबांत ती किती जणांना होईल हे सांगता येते, त्यांतले तुमचे मूल कोणते हे सांगता येत नाही. सिझेरियन झाले म्हणून, दूध कमी आले म्हणून, परदेशात आलो म्हणून आईने स्वतःला अपराधी मानण्याचे कारण नाही. यांपैकी एकेका गोष्टीचा वाटा लहान असतो, आणि ते निर्णय त्या वेळी योग्य कारणांसाठीच घेतलेले असतात.

ज्या मुलांना ॲलर्जी झालेलीच आहे त्यांच्यासाठी मात्र आपण सर्वांनी मिळून करण्याजोगे एक काम आहे. ज्याला दाण्याची तीव्र ॲलर्जी आहे त्याला 'चमचाभर कुटाने काय होते' असा आग्रह करू नये. चमचाभर कुटाने जीव जाऊ शकतो. गणेशोत्सवाच्या जेवणात प्रत्येक पातेल्यापुढे त्यात दाणे, काजू, दूध, अंडे, तीळ काय आहे याची चिठ्ठी ठेवावी आणि पातेल्यागणिक डाव वेगळा असावा. अशा मुलाच्या आईवडिलांजवळ ॲड्रेनालिनची पेन असते. ती कुठे ठेवली आहे हे पंगतीतल्या आणखी दोघा-तिघांना ठाऊक असावे, आणि धाप लागली किंवा मूल मलूल झाले तर वाट न पाहता ती मांडीत टोचून 112 ला दूरध्वनी करावा. धोका घटवण्याचे गणित पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल. आज पंगतीत बसलेल्या मुलाला उपयोग आहे तो त्या चिठ्ठीचा.